जेम्स शॅनन: सरकारी पैशातून मेडिकल रिसर्चचं अख्खं मशीन उभं करणारा माणूस

स्मार्टवॉच घालून झोपलात की सकाळी ॲप सांगतं: गाढ झोप इतकी, आरईएम झोप इतकी. रात्री फोन ‘नाइट मोड’ला जातो, कारण स्क्रीनच्या उजेडामुळे मेलाटोनिन कमी होतं. ताप आला की पॅरासिटामॉल. ब्लड रिपोर्टच्या पीडीएफमध्ये क्रिएटिनिन आणि त्याच्या शेजारी ई-जीएफआर.

या चारही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही ना? पण यांच्यामागच्या संशोधनाचा इतिहास उघडला, की एका माणसाच्या कामाची वाट या सगळ्यांजवळून जाते. डॉ. जेम्स शॅनन. यातला एकही शोध एकट्या शॅनन यांचा नाही. त्यांचं मोठं काम वेगळं होतं. सरकारी पैसा योग्य शास्त्रज्ञापर्यंत पोहोचवायचा, आणि पोहोचल्यावर त्या शास्त्रज्ञाच्या मानेवर बसायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात किती भानगडी होत्या ते बघू.

सुरुवात किडनीपासून

शॅनन यांचा जन्म १९०४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हॉलिस भागात झाला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून १९२९ मध्ये ते डॉक्टर झाले. दवाखाना थाटण्याऐवजी ते प्रयोगशाळेत रमले आणि १९३५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रात पीएचडीही केली.

तिथे होमर स्मिथ नावाचे मोठे शास्त्रज्ञ किडनीवर काम करत होते. प्रश्न साधा होता: किडनी एका मिनिटात किती रक्त गाळते, हे माणसाला न कापता कसं मोजायचं? त्यासाठी असा पदार्थ हवा होता जो किडनीतून गाळला जातो, पण वाटेत परत शोषला जात नाही आणि वरून त्यात भरही पडत नाही. इन्युलिन नावाची एक वनस्पतीजन्य साखर या कामाला चपखल बसते, हे दाखवणाऱ्यांत स्मिथ आणि शॅनन होते. रक्तात किती, लघवीत किती, यावरून हिशेब निघतो. आज लॅब क्रिएटिनिनवरून अंदाज काढते, पण ‘किडनीची गाळण्याची गती’ ही कल्पना त्याच काळात पक्की झाली.

यातून शॅनन यांना एक सवय लागली, ती आयुष्यभर टिकली. अंदाज नको, आकडा दाखवा.

युद्ध, मलेरिया आणि पिवळी गोळी

१९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि अमेरिकेची मोठी पंचाईत झाली. मलेरियावरचं क्विनाइन ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून बनायचं, त्या झाडांच्या जगातल्या बहुतेक बागा तिथेच होत्या. सैनिक पॅसिफिकच्या जंगलात उतरत होते आणि गोळ्यांइतकाच डासांनाही बळी पडत होते.

पर्याय होता ॲटेब्रिन. हे जर्मनीत तयार झालेलं कृत्रिम औषध. पण सैनिक ते घ्यायला तयार नव्हते. पोट बिघडायचं, कातडी पिवळी पडायची, त्यात नपुंसकत्व येतं अशी अफवा पसरलेली. कमी डोस दिला तर मलेरिया व्हायचा, जास्त दिला तर माणूस आजारी पडायचा.

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधल्या एका बेटावर गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटल होतं. तिथल्या संशोधन युनिटचे प्रमुख शॅनन. त्यांनी प्रश्नच बदलला. गोळी किती द्यायची हे नंतर बघू, आधी रक्तात औषध किती उरतं ते मोजू. हे मोजण्याची पद्धत बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी बसवली. कळलं ते असं: ॲटेब्रिन रक्तात फार थोडं राहतं, बाकीचं यकृत आणि स्नायूंसारख्या भागांत जाऊन बसतं आणि तिथून अगदी हळूहळू बाहेर येतं.

म्हणजे उपाय काय? सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस देऊन शरीराची ‘टाकी’ भरायची आणि मग रोज छोटी गोळी घेऊन पातळी टिकवायची. नळाला पाणी येण्याआधी टाकी भरून ठेवली, की नंतर बारीक धारही पुरते, तसंच. औषध तेच, फक्त देण्याची पद्धत बदलली आणि ते लढाईत उपयोगी पडलं.

याच युनिटमध्ये १९४६ मध्ये ज्युलियस ॲक्सेलरॉड नावाचा एक माणूस आला. तेव्हा त्याच्याकडे पीएचडीही नव्हती. त्याने आणि ब्रोडी यांनी वेदनाशामक औषधांवर काम केलं. ॲसेटॅनिलाइड या जुन्या औषधाचं शरीरात जे रूपांतर होतं, तेच खरं वेदना कमी करतं, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवलं. ते रूपांतर म्हणजे पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, जे काही घरात असेल ते.

माणसं ओळखण्याचं कसब

युद्धानंतर शॅनन तीन वर्षं स्क्विब या औषध कंपनीच्या संशोधन संस्थेचे संचालक होते. मग १९४९ मध्ये सरकारने त्यांना बोलावलं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएचमध्ये, हृदयविकारांसाठी नवी संस्था सुरू झाली होती. तिथलं संशोधन उभं करायचं होतं.

इमारती, यंत्रं, बजेट हे सगळं नंतर. शॅनन यांनी आधी माणसं गोळा केली. ब्रोडी, ॲक्सेलरॉड, उडेनफ्रेंड ही गोल्डवॉटरची टोळी आलीच. रॉबर्ट बोमन आले, त्यांनी पुढे असं यंत्र बनवलं जे प्रकाशाच्या मदतीने रक्तातले अगदी सूक्ष्म प्रमाणातले पदार्थ मोजू शकायचं. ख्रिश्चन अनफिनसेन आले, त्यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं. पीएचडी नसलेल्या ॲक्सेलरॉडना १९७० मध्ये नोबेल मिळालं, तोवर त्यांची पीएचडी झाली होती.

आयटी कंपनीत असाल तर हे लगेच समजेल. काही मॅनेजर स्वतः उत्तम कोडर असतात. काहींना उत्तम कोडर ओळखता येतो. दोन्ही जमणारे कमी. शॅनन त्या कमी लोकांपैकी होते.

१९५५: लशीतूनच पोलिओ

१२ एप्रिल १९५५. जोनस साल्क यांची पोलिओची लस काम करते, असं जाहीर झालं. देशभर आनंदाचं वातावरण. त्याच दिवशी काही तासांत कंपन्यांना परवाना मिळाला.

दोन आठवड्यांत बातम्या येऊ लागल्या. लस घेतलेल्या मुलांना पोलिओ होत होता. लस टोचलेल्या हातालाच पक्षाघात होत होता. कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजच्या काही बॅचमध्ये विषाणू पूर्ण मेलेलाच नव्हता. मुलांना आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना मिळून दीडशेहून जास्त जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण गेले.

आणि लस तपासण्याची जबाबदारी कोणाची होती? एनआयएचमधल्याच एका छोट्या प्रयोगशाळेची. तिथल्या शास्त्रज्ञ बर्निस एडी यांनी आदल्याच वर्षी माकडांवर चाचणी करून धोका दाखवला होता. त्यांचं म्हणणं वरपर्यंत पोचूनही काही झालं नाही. मूठभर माणसं, आणि कंपन्यांनी पाठवलेल्या कागदांवर भिस्त. व्यवस्थाच तशी होती.

शॅनन तेव्हा एनआयएचचे सहसंचालक होते. चौकशीत आणि लशीच्या चाचण्यांचे नवे निकष ठरवण्याच्या कामात ते पुढे होते. दोन्हीकडून कोंडी होती. लस थांबवली तर उन्हाळ्यात पोलिओची साथ येणार आणि हजारो मुलं सापडणार. घाईने सुरू ठेवली तर लोकांचा लशीवरचा विश्वासच उडणार. मे महिन्यात लसीकरण थांबवून कारखाने तपासले गेले, गाळण्याचे आणि चाचणीचे नियम कडक केले आणि टप्प्याटप्प्याने लस परत सुरू झाली. लशींच्या तपासणीसाठी एनआयएचमध्ये वेगळा, मोठा विभाग तयार झाला.

त्या उन्हाळ्यात एनआयएचचे संचालक पायउतार झाले आणि १ ऑगस्ट १९५५ रोजी शॅनन त्या खुर्चीत बसले. पुढची १३ वर्षं ते तिथे होते.

ग्रँट म्हणजे नेमकं काय?

सरकार रिसर्चला पैसे देतं म्हणजे मंत्री चेक फाडतो असं नाही. एनआयएचची पद्धत दोन पायऱ्यांची होती, आजही तशीच आहे.

शास्त्रज्ञ आधी अर्ज करतो: मला हा प्रश्न सोडवायचा आहे, असा सोडवणार, इतका खर्च येईल. त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांचा गट हे अर्ज वाचून गुण देतो. ही पहिली पायरी. त्यानंतर एक सल्लागार परिषद देशाची गरज बघून शिफारस करते. पैसा सरकारचा, पण कुठलं विज्ञान चांगलं हे शास्त्रज्ञ ठरवणार.

ही पद्धत शॅनन यांच्या आधीच सुरू झाली होती. त्यांनी ती प्रचंड मोठी केली. ते आले तेव्हा एनआयएचचं वर्षाचं बजेट दहा कोटी डॉलरच्या आत होतं. गेले तेव्हा शंभर कोटींच्या वर.

हे जमलं कसं? संसदेत दोन भक्कम माणसं होती. अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल. त्यांचे वडील सर्जन होते आणि मुलाचं नाव त्यांनी जोसेफ लिस्टर या प्रसिद्ध सर्जनवरून ठेवलं होतं. दुसरे ऱ्होड आयलंडचे जॉन फोगार्टी, आधी गवंडीकाम करणारे. शिवाय मेरी लास्कर यांच्यासारख्या कार्यकर्त्या बाहेरून जोर लावायच्या. सरकारी अधिकारी म्हणून शॅनन यांना राष्ट्राध्यक्षांनी मागितलेल्या रकमेचंच समर्थन करावं लागे. पण समितीने शास्त्रज्ञ म्हणून मत विचारलं, तर किती पैसा चांगल्या कामी लागू शकेल हे ते सांगू शकत. समिती नेमका तोच प्रश्न विचारायची. संसद मग मागितल्यापेक्षा जास्त देऊन मोकळी व्हायची.

सगळेच खूश नव्हते. काँग्रेसमधल्या फाउंटन यांच्या समितीने १९६०च्या सुरुवातीला एनआयएचला धारेवर धरलं: इतका पैसा जातो, हिशेब कुठे आहे? शॅनन यांची भूमिका अशी की निवड कडक करा, पण एकदा निवडल्यावर शास्त्रज्ञाला दर पेन्सिलीची पावती मागू नका. समितीला ते पटलं नाही आणि नियम आवळले गेले. इथे समितीचा मुद्दाही सोडून देण्यासारखा नव्हता. लोकांच्या करातला पैसा आहे, तर लोकांना विचारायचा हक्क आहेच.

झोपेचा धागा

झोपेत डोळे वेगाने हलतात आणि तेव्हा मेंदू जवळजवळ जागा असतो, ही आरईएम झोप शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगासमोर मांडली. त्याआधी झोप म्हणजे मेंदूचं स्विच ऑफ, असंच बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालायचे. आरईएममुळे प्रश्नांचा नवा साठा उघडला, आणि पुढच्या वर्षांत झोपेवरच्या कामाला एनआयएचच्या मानसिक आरोग्य संस्थेकडून ग्रँट मिळत गेल्या. तेव्हा हे काम काय उपयोगाचं, असं विचारलं असतं तर कोणाला धड सांगता आलं नसतं.

तसंच ॲक्सेलरॉड यांचं. मानसिक आरोग्य संस्थेत गेल्यावर त्यांनी मेंदूतल्या वाटाण्याहून लहान अशा पिनियल ग्रंथीकडे लक्ष वळवलं. मेलाटोनिन हा पदार्थ येल विद्यापीठात १९५८ मध्ये सापडला होता. तो शरीरात ज्या एन्झाइममुळे तयार होतो, ते ॲक्सेलरॉड आणि हर्बर्ट वाइसबाख यांनी १९६० मध्ये शोधलं. १९६३ मध्ये ॲक्सेलरॉड आणि रिचर्ड वर्टमन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की मेलाटोनिनची निर्मिती उजेडावर अवलंबून असते. उजेडात कमी, अंधारात जास्त. रात्री स्क्रीनचा उजेड कमी करा, हा सल्ला याच धाग्यावरून पुढे आला.

कोणत्याही रोगाचं नाव न घेता केलेलं हे संशोधन. शॅनन यांनी अशाच कामाला जागा करून दिली.

कॉम्प्युटर प्रयोगशाळेत आणला

१९६० च्या आसपास कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोलीत ठेवलेलं धूड. शास्त्रज्ञाने पंचकार्ड द्यायची आणि निकालाची वाट बघायची. पण मेंदूच्या लहरी किंवा हृदयाचे ठोके त्या क्षणीच मोजायला हवेत, दुसऱ्या दिवशी नाही.

एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मोलनार यांनी १९६२ मध्ये लिंक नावाचा कॉम्प्युटर बनवला. त्याला कीबोर्ड होता, छोटा स्क्रीन होता आणि तो एका माणसाने एका प्रयोगशाळेत वापरायचा होता. एनआयएच आणि नासाच्या पैशातून ही यंत्रं वेगवेगळ्या संशोधकांपर्यंत पोचवण्याचा कार्यक्रम झाला. पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासात लिंकचं नाव आजही घेतलं जातं. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन १९६८ मध्ये एनआयएचमध्ये आली, आणि मेडिकलची मुलं रोज वापरतात ते पबमेड पुढे याच लायब्ररीने सुरू केलं.

परवानगी कोणाची?

१९६३ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका हॉस्पिटलमध्ये २२ वयस्कर, आजारी रुग्णांना जिवंत कॅन्सर पेशी टोचल्या गेल्या. शरीर त्या कशा नाकारतं ते बघायचं होतं. त्या कॅन्सरच्या पेशी आहेत हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. या संशोधनात सरकारी पैसाही होता.

शॅनन यांना हे खटकलं. डॉक्टर चांगला असेल तर रुग्ण सुरक्षित, हा जुना समज पुरेसा नाही हे त्यांना दिसलं. युद्धकाळातले मलेरियाचे काही प्रयोग इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते, आणि तेव्हा त्याबद्दल फार कोणी आवाज केला नव्हता. संशोधक स्वतःच्या प्रयोगाचा न्यायाधीश होऊ शकत नाही, असा प्रस्ताव शॅनन यांनी सल्लागार परिषदेपुढे मांडला. फेब्रुवारी १९६६ मध्ये नियम आला: सरकारी पैशातून माणसांवर प्रयोग करायचा, तर संस्थेतल्या समितीने तो आधी तपासायचा. रुग्णाचे हक्क, संमती, फायदा आणि धोका, सगळं.

पण इथे एक काळी बाजू सांगायलाच हवी. एनआयएच ज्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा भाग होती, तिच्याच दुसऱ्या विभागाचा टस्कीगीचा अभ्यास सुरूच राहिला. अलाबामातल्या सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता त्यांच्यावर फक्त नजर ठेवली जात होती. १९३२ मध्ये सुरू झालेला तो प्रकार १९७२ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आल्यावर थांबला. नियम कागदावर आला म्हणून आपलंच घर आपोआप साफ होत नाही.

राष्ट्राध्यक्षांचा प्रश्न

१९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीरपणे विचारलं की इतक्या वर्षांच्या संशोधनातून सामान्य रुग्णाला काय मिळालं? पैसा मूलभूत संशोधनात अडकून पडलाय का? प्रयोगशाळांमध्ये धडकी भरली.

शॅनन यांनी आकडे आणि उदाहरणं मांडून उत्तर दिलं. जो रोग कसा होतो हेच कळलेलं नाही, त्यावर नुसता पैसा ओतून औषध निघत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९६७ मध्ये जॉन्सन स्वतः एनआयएचमध्ये आले, तेव्हा त्यांचा सूर कौतुकाचा होता. त्याच्या पुढच्याच वर्षी एनआयएचमध्येच काम करणाऱ्या मार्शल नीरेनबर्ग यांना जेनेटिक कोड उलगडल्याबद्दल नोबेल मिळालं.

तोवर काळ बदलत होता. फोगार्टी १९६७ च्या जानेवारीत गेले. हिल यांनी पुढची निवडणूक लढवायची नाही असं ठरवलं. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढत होता. १९६८ मध्ये शॅनन निवृत्त झाले. नंतर काही वर्षं ते रॉकफेलर विद्यापीठात होते. मे १९९४ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने झोपेच्या विकारांवरच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन केलं. ते ठेवलं कुठे? हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेत. म्हणजे १९४९ मध्ये शॅनन जिथे रुजू झाले होते, त्याच संस्थेत. एनआयएचच्या मुख्य इमारतीला आज त्यांचं नाव आहे.

आपल्यासाठी यात काय?

समितीने आधी तपासायचं ही पद्धत नंतर अनेक देशांत आली. भारतात आयसीएमआरने १९८० मध्ये माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक धोरण जाहीर केलं आणि आज कुठल्याही औषधाच्या चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते.

त्यामुळे हॉस्पिटलमध्ये तुमच्यासमोर किंवा घरच्यांसमोर कोणी रिसर्चसाठी संमतीचा फॉर्म ठेवला, तर ॲपच्या अटींसारखं खाली स्क्रोल करून ‘ॲग्री’ दाबल्यागत सही करू नका. हा अभ्यास कोणत्या एथिक्स कमिटीने मंजूर केला, धोका काय, मध्येच बाहेर पडता येतं का, नाही म्हटलं तर उपचारांवर परिणाम होईल का, हे चार प्रश्न विचारा. फॉर्मची एक प्रत मागून घ्या. समजेल अशा भाषेत उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो मिळायला बऱ्याच लोकांना बरंच काही भोगावं लागलं आहे.